कशामुळे आणि कुणामुळे

आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्याला मराठी भाषेने दोन प्रश्न दिले आहेत. एक ‘कशामुळे झाले?’ आणि दुसरा ‘कुणामुळे झाले?’ दोहोंत फरक दोन अक्षरांचा. परंतु पहिल्या प्रश्नाने माणूस शोधाला लागतो आणि दुसऱ्याने न्यायनिवाड्याला बसतो. आमच्या घरात गेली दहा वर्षे हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून राहिले होते. ते वेगळे करण्यासाठी आमच्या भाचीला विद्यापीठात जाऊन रोगप्रतिकारशास्त्र, म्हणजे सर्वत्र ज्याला इम्युनॉलॉजी म्हणतात ते, शिकावे लागले. आणि वेगळे झाल्यावर त्यांतला एक प्रश्न माझ्याच दारात येऊन उभा राहिला.

माझी धाकटी बहीण २०१५ साली आजारी पडली. आधी बोटांचे सांधे धरले, मग उन्हात गेले की गालांवर लाली येऊ लागली, मग न उतरणारा बारीक ताप. वसईत दोन डॉक्टर झाले आणि अखेर मुंबईच्या एका रुग्णालयात दुखण्याचे नाव कळले : ल्युपस. तिथल्या डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावले की, शरीराची जी शक्ती रोगजंतूंचा प्रतिकार करते तीच तुमच्या स्वतःच्या अवयवांवर उलटली आहे. डॉक्टर भले होते, सांगणेही खोटे नव्हते. पण परतीच्या लोकलमध्ये बहीण एकदाच बोलली : “माझंच शरीर माझ्यावर उलटलं, म्हणजे मी असं काय केलं?”

त्या प्रश्नाला उत्तरे देणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणाले, घराण्यातला एखादा नवस फेडायचा राहिला असेल. कुणी म्हणाले, मनात राग दाबून ठेवला की तो असा अंगातून फुटतो. यांतले दुसरे उत्तर मला अधिक क्रूर वाटते. ते सुशिक्षित माणसांकडून येते, त्याला विज्ञानाचा वास असतो, आणि ते रुग्णाला रोगाबरोबर स्वभावाचाही दोष देऊन मोकळे होते. आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून ‘पाप याचे की याच्या आईबापांचे’ असे शिष्यांनी येशूला विचारले होते, ते शुभवर्तमानातले प्रकरण आपण सर्वांनी ऐकलेले आहे. प्रभूने तो हिशेबच नाकारला, हेही ऐकलेले आहे. ऐकून घरी येतो आणि शेजारणीला तोच प्रश्न विचारतो.

भाची तेव्हा आठवीत होती. पुढे तिने हा विषय का निवडला हे वेगळे सांगायला नको. सध्या ती पुण्याच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या नाताळात ती आली तेव्हा तिची इम्युनॉलॉजीची वही माझ्या हाती लागली. तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे दुसऱ्याची वही उघडून पाहण्याची वाईट खोड मला जडली आहे. पहिल्याच पानावर दोन शब्द होते : ‘सेल्फ’ आणि ‘नॉन-सेल्फ’. स्व आणि परका. मी म्हणालो, “अगं, हा तर तत्त्वज्ञानाचा धडा झाला.” ती हसली. “मामा, तिथंच सगळी गडबड आहे.”

त्या सुटीत संध्याकाळी ओट्यावर बसून तिने मला ही गडबड समजावली. माझ्या समजुतीत काही चूक राहिली असेल तर ती शिष्याची, गुरूची नव्हे.

या शास्त्राच्या आरंभी एक सुंदर गोष्ट आहे. १८८२ साली इल्या मेचनिकोव्ह हा रशियन संशोधक सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अर्भकांत झाडाचे बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. बाहेरून आलेल्याला वेढायचे व गिळायचे, हे शरीराच्या रक्षणाचे पहिले चित्र. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्यात पहारेकरी आणले, सैनिक आणले, तटबंदी आणली. किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या आम्हां वसईकरांना ही भाषा समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि किल्ला म्हटला की त्यामागोमाग फितुरी हा शब्दही आलाच.

मेचनिकोव्हबरोबर १९०८चे नोबेल पारितोषिक वाटून घेणारा पॉल एर्लिख याने बोकडांवर प्रयोग केले होते. एका बोकडाला दुसऱ्या बोकडाचे रक्त टोचले की त्या परक्या रक्तपेशींचा नाश करणारी द्रव्ये तयार होत. स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र ती होत नसत. शरीराला स्वतःला विष देण्याची जणू दहशत वाटते, अशा अर्थाचे एक लॅटिन नाव एर्लिखने या गोष्टीला दिले : ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. त्याचे म्हणणे सावध होते. असा अनर्थ टाळणारी काहीतरी व्यवस्था शरीरात असली पाहिजे, एवढेच तो सुचवत होता. त्याच्या वारसांनी मात्र त्याचा अर्थ ‘असे होऊच शकत नाही’ असा केला. १९०४ मध्येच डोनाथ आणि लांडश्टायनर यांनी व्हिएन्नात दाखवून दिले होते की, एका विशिष्ट आजारात थंडी लागली की रुग्णाची स्वतःची प्रतिपिंडे स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतात. पुरावा समोर होता, तरी मत बदलायला अर्धे शतक गेले. १९५६ साली अमेरिकेत बफेलो येथे रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिक्रिया दाखवली, तेव्हा कुठे हे दार उघडले.

इतके बुद्धिमान लोक पन्नास वर्षे एका पुराव्याकडे पाठ फिरवून कसे बसले? मला वाटते, ‘शरीर स्वतःशी द्रोह करणार नाही’ हे वाक्य दिसायला वैज्ञानिक असले तरी मुळात नैतिक आहे. त्यात निष्ठा आहे, वचन आहे. आणि जिथे निष्ठा गृहीत धरली जाते तिथे तिचा भंग झाला की अपराधी शोधावाच लागतो. वैद्यकाने पुढे आपले मत बदलले, परंतु भाषा बदलली नाही. शरीर ‘उलटले’ हे क्रियापद आजही तसेच आहे, आणि लोकलमध्ये माझ्या बहिणीला टोचले ते तेच क्रियापद.

दुसऱ्या बाजूने ‘स्व’ या कल्पनेलाच धक्के बसत होते. १९४५ साली विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन याने गाईच्या जुळ्या वासरांचे रक्त तपासले, तेव्हा प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याच्याही रक्तपेशी सुखाने नांदताना आढळल्या. गर्भात त्यांचे रक्तप्रवाह एकमेकांत मिसळले होते, आणि जे इतक्या लवकर भेटले ते परके उरले नव्हते. ऑस्ट्रेलियातील बर्नेटने यावरून असा तर्क केला की, ‘स्व’ म्हणजे काय हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते शिकते. १९५३ साली पीटर मेडावार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदराने त्या दुसऱ्या वाणाच्या कातडीचे कलम विनातक्रार स्वीकारले. बर्नेट आणि मेडावार यांना १९६०चे नोबेल मिळाले. तात्पर्य, आपण ज्याला ‘मी’ म्हणतो त्याची ओळख पेशींनासुद्धा शाळेत बसून करून घ्यावी लागते.

ही शाळा म्हणजे छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. तिथे टी-पेशी तयार होतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर पदार्थ ओळखण्याचा एक साचा असतो आणि, खरी गंमत येथे आहे, तो साचा चिठ्ठ्या टाकल्यासारखा यदृच्छेने बनतो. या जातीच्या साच्यांसाठी जनुकांचे तुकडे कसे उलटसुलट जोडले जातात, हे सुसुमु टोनेगावा याने १९७६ मध्ये प्रतिपिंडांच्या बाबतीत दाखवले. असे का व्हावे? कारण उद्या कोणता जंतू येणार हे शरीराला ठाऊक नसते. जो कधी पाहिलेला नाही त्याला ओळखायचे असेल तर सर्व प्रकारचे साचे आधीच करून ठेवणे भाग आहे. आणि सर्व प्रकारचे करायचे म्हटले की त्यांत स्वतःच्या शरीराला पकडणारेही येणारच.

मग परीक्षा होते. ज्या पेशीला काहीच ओळखता येत नाही ती मरते. जी स्वतःच्याच शरीराला घट्ट धरते तिलाही बहुधा मरावे लागते. शंभरांतल्या पंच्याण्णवांहून अधिक पेशी त्या ग्रंथीतून जिवंत बाहेर पडत नाहीत. इतका कठोर निकाल मी माझ्या नोकरीत कधी पाहिला नाही. तरीही काही निसटतात. त्या तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, धडधाकट माणसाच्या रक्तात रोज फिरतात.

भाचीने हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिले. काचपट्टीवर मानवी पेशींचा थर असतो, त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव टाकतात, मग चमकणारे रसायन जोडलेली प्रतिपिंडे; अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पेशींची केंद्रके हिरवी उजळतात. ल्युपसच्या निदानातली ही नेहमीची चाचणी. आईच्या जुन्या अहवालात तिने ज्याचे केवळ नाव वाचले होते तो हिरवा उजेड तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुलनेसाठी वर्गातल्या विद्यार्थ्यांचे रक्तही घेतले होते. त्यांतल्या एका मुलाची पट्टी फिकट हिरवी दिसली. खेळाडू मुलगा, कधी आजारी न पडणारा. तो घाबरला. प्राध्यापक म्हणाले, घाबरू नकोस, कित्येक निरोगी माणसांत असे सापडते.

मग त्या मुलाला रोग का नाही? याचे एक उत्तर साकागुची या जपानी संशोधकाने १९९५ साली दिले. निसटलेल्या पेशींना शांत ठेवणाऱ्या दुसऱ्या टी-पेशी असतात. त्यांना नियामक पेशी म्हणतात. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचे एक महत्त्वाचे जनुक शोधले. या तिघांना २०२५चे नोबेल मिळाले, त्या दिवशी भाचीच्या वसतिगृहात पेढे वाटले गेले म्हणे. म्हणजे आरोग्य हे निर्दोष शरीराचे नाव नाही. ज्याच्यात मुळीच धोका नाही असा माणूस नाही. धोका रोज सांभाळला जातो, आणि काहींच्या बाबतीत हा सांभाळ ढळतो. का ढळतो, याची कारणे अनेक : जनुके, संप्रेरके, ऊन, एखादा संसर्ग, आणि मोठा वाटा यदृच्छेचा. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. हुबेहूब जुळ्या बहिणींपैकी एकीला तो झाला तरी बहुतेक वेळा दुसरीला होत नाही.

हे सारे ऐकल्यावर माझ्या मनात जी पहिली शंका आली ती सांगितली पाहिजे. ज्या क्षमतेने माझ्या बहिणीला लहानपणीच्या गोवरातून वाचवले त्याच क्षमतेच्या मोकळेपणात हा रोगही दडलेला होता. म्हणून रोग ही त्या देणगीची किंमत आहे, असे म्हणता येईल. दुःखाचे कोडे उलगडताना धर्मचिंतकही कधी कधी असाच युक्तिवाद करतात. युक्तिवाद खोटा नाही. पण देणगी सर्वांना आणि किंमत एकीला, हा व्यवहार त्याने समर्थनीय ठरत नाही. ईयोबाच्या मित्रांची चूक हीच होती. त्यांच्या म्हणण्यात अर्थ नव्हता असे नाही. त्यांनी तो राखेत बसलेल्या माणसाला ऐकवला. भाची मात्र किंमत वगैरे काही म्हणाली नाही. ती आईला एवढेच म्हणाली, “आई, उलटलं असं काही नाही. कुणी कुणाशी फितूर झालेलं नाही. तू काही केलेलं नाहीस.” बहिणीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. दहा वर्षांत असे आम्हीही तिला अनेकदा सांगितले होते. पण आम्ही ते धीर देण्यासाठी म्हणत होतो आणि मुलगी माहीत असल्यामुळे म्हणत होती.

मला वाटले, प्रश्न संपला. पण दुसऱ्या दिवशी भाचीने मला एकट्याला निराळेच सांगितले. पहिल्या वर्षी एका चर्चासत्रासाठी तिला एक विषय मिळाला होता. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि बाळंतपणानंतरही तिथे राहतात. १९९६ मध्ये डायना बिआंची आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीच्या रक्तात, मुलगा झाल्यावर सत्तावीस वर्षांनी, त्याच्या पेशी दाखवल्या. (मुलग्यांच्याच पेशी शोधल्या, कारण पुरुषाचे गुणसूत्र सहज ओळखता येते, राहतात त्या मुलींच्याही.) इथवर वाचून तिला हर्ष झाला. पुढचा निबंध १९९८चा होता. कातडी ताठ करणारा स्क्लेरोडर्मा नावाचा, ल्युपसचाच भाऊबंद म्हणावा असा एक रोग आहे. त्याच्या रुग्ण स्त्रियांत अशा पेशींचे प्रमाण जास्त आढळले होते. मुलीने वही मिटली. आईच्या अंगात राहिलेला परका काटा म्हणजे आपणच तर नव्हे? पुढचा महिनाभर ती घरी नीट बोलली नाही; आम्हांला वाटले अभ्यासाचा ताण असेल.

पुढे तिनेच आणखी वाचले. त्या निबंधातला रोग वेगळा होता, आणि अशा पेशी सोबत असणे म्हणजे त्यांनीच रोग घडवणे असे नव्हे. इतर संशोधकांना याच पेशी आयांच्या थायरॉइडमध्ये, यकृतात, त्या त्या अवयवाच्या पेशींसारख्या होऊन बसलेल्या सापडल्या होत्या, जणू डागडुजीला आलेल्या. पण ती म्हणाली ते माझ्या लक्षात राहिले : “मामा, समजा उद्या सिद्ध झालं की माझ्याच पेशींमुळे झालं, तरी मी काय करणार होते? मी तर जन्मले नव्हते.” जिथे निवड नव्हती तिथे कारण असते, दोष नसतो. नीतिशास्त्राचे हे पहिले सूत्र मी पुस्तकात वाचले होते. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला ते स्वतःच्या रक्तातून सोडवून घ्यावे लागले.

मी मान डोलावली, आणि मान डोलावता डोलावताच मला माझ्या कपाटातल्या पट्ट्या आठवल्या.

२०२०च्या मार्चची गोष्ट. करोनाची साथ आली होती आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही जुनी गोळी तीवर चालते असे जगभर बोलले जाऊ लागले. आपल्याकडे आरोग्यसेवकांना आणि बाधितांच्या घरच्यांना ती प्रतिबंधासाठी घेण्याचा सल्ला दिला गेला. दूरदर्शनवर नाव ऐकताच मी औषधाच्या दुकानातून चार पट्ट्या आणून कपाटात ठेवल्या. आमच्या घरात त्या वेळी कुणीही बाधित नव्हते. दोन-तीन दिवसांत दुकानांतून ती गोळी नाहीशी झाली. ल्युपसच्या रुग्णांना हीच गोळी वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते, आणि ती थांबली की रोग उसळण्याची भीती असते. बहीण ती कंपनीच्या नावाने ओळखत असे, म्हणून मला दोन्ही एकच असल्याचे ठाऊक नव्हते. तिने फोन करून विचारले, तुझ्याकडच्या दुकानांत मिळते का पाहा. मी खरोखरच टाळेबंदीत हिंडलो आणि नाही म्हणून कळवले. चार दिवसांनी भाचीचा फोन आला. तेव्हा ती नुकतीच बारावीची परीक्षा देऊन बसली होती. “मामा, औषधाचं मूळ नाव सांगते, त्या नावानं विचारा.” तिने ते नाव एकेक अक्षर सुटे करून सांगितले. मी कपाटाकडे पाहिले.

इथवर मी अज्ञानी होतो. यानंतर नव्हतो. मी दोन पट्ट्या पाठवल्या आणि दोन ठेवल्या. घरी पाच माणसे आहेत, पुढे काय होईल कुणास ठाऊक, असे मनाला सांगितले. एप्रिलमध्ये बहिणीचे सांधे पुन्हा धरले, महिनाभर तिला कप उचलता येईना. माझ्या त्या दोन पट्ट्यांमुळेच ते झाले असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. हा रोग औषध चालू असतानाही उसळतो. जूनमध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले की, करोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांना या गोळीचा काही उपयोग होत नाही. त्या दोन पट्ट्या मुदत संपेपर्यंत कपाटातच राहिल्या.

कुणी म्हणेल, भीतीपोटी शरीर जसे वागते तसेच तुम्ही वागलात. आपले आत, परके बाहेर. ही उपमा मी स्वतःही करून पाहिली आणि टाकून दिली. थायमसमधल्या पेशीला दोन पट्ट्या द्याव्यात की चार, असे कुणी विचारत नाही. मला विचारले गेले होते, आणि मी उत्तर दिले होते. बहिणीच्या आजाराला ‘कुणामुळे’ हा प्रश्न आम्ही दहा वर्षे विनाकारण चिकटवून ठेवला. जिथे तो खरोखर लागू होता तिथे मात्र आम्ही त्या काळाला ‘परिस्थिती’ असे नाव दिले. औषधे साठवणारे आम्ही सगळे सभ्य, पापभीरू लोक होतो. त्याच आठवड्यांत शेजारी बहिणीला प्रतिकारशक्ती वाढवण्याचे काढे आणून देत होते आणि तिचे डॉक्टर तीच शक्ती आवरण्याची औषधे देत होते. तिने कुणालाच न दुखावता काढे तुळशीजवळच्या झाडांना घातले.

हे छापायला देण्यापूर्वी बहिणीला सांगणे भाग होते. जानेवारीतल्या एका दुपारी ती घरी आली, नेहमीप्रमाणे छत्री घेऊन. उन्हाने तिची कातडी पोळते म्हणून ती बाराही महिने छत्री वापरते, आणि पाऊस कुठे आहे असे विचारणाऱ्यांना हसून उत्तर देते. मी सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “दादा, तुझ्या घरात तेव्हा पाच माणसं होती. कुणीही तेच केलं असतं.”

स्वतःच्या शरीराला दहा वर्षे जाब विचारणाऱ्या माझ्या बहिणीने मला एका वाक्यात सोडून दिले. मी म्हणालो, कुणीही केले असते हे खरे, पण केले मी. यावर ती काही बोलली नाही. चहा झाला. भाचीची परीक्षा केव्हा आहे, तिला कुठे नोकरी मिळेल, याविषयी आम्ही थोडा वेळ बोललो. मग ती उठली, पायरीवर उभी राहून छत्री उघडली आणि म्हणाली, “लिही. पण त्या काढ्याचं लिहू नकोस, बिचाऱ्यांना वाईट वाटेल.”

तेही मी लिहून बसलो आहे.